ताराकाकू आणि सोन्याचं पथ्य

पवनीच्या पोस्टात माझी बदली झाली, तोपर्यंत विदर्भात मी पाऊलही टाकलं नव्हतं. खोली शोधत विणकरांच्या गल्लीत गेले, तर घरमालकीण दारातच आडवी उभी राहिली. साठीच्या पुढची, उंच, काटक बाई. गळ्यात तुळशीची माळ. आत या म्हणायच्या आधी तिने विचारलं, "कोणत्या गावच्या तुमी?"

मी रत्नागिरीजवळचं गाव सांगितलं.

"समुद्राच्या?"

"हो."

"मंग मासोळी खात असान."

खोटं बोलायचं कारण नव्हतं. "खाते," म्हटलं.

"बाहेर खा. मी काही म्हणत नाही. पण माह्या घरात मासोळी चढली नाही पायजे. वरच्या खोलीतबी नाही."

एवढी एक अट. ती मान्य केली आणि ताराकाकूंच्या माडीवर मी पावणेतीन वर्षं राहिले. स्मिता हे माझं नाव त्यांना कधी नीट म्हणता आलं नाही. शेवटपर्यंत मी इस्मिताबाईच होते. आणि काकू स्वतःबद्दल बोलताना "मी येतो, मी करतो" असंच म्हणायच्या. तिकडच्या बायका तसंच बोलतात. सुरुवातीला मला वाटायचं खाली कुणी पुरुषमाणूस बोलतोय, आणि मी जिन्यात थांबायची.

काकूंचे यजमान हातमागावर विणायचे. ते गेल्यावर माग विकला. पण विणकराने पाय सोडून बसायचा मागाचा खड्डा कसा विकणार? पुढच्या खोलीत तो तसाच होता, त्यावर फळ्या टाकलेल्या. त्या फळ्यांवर चरखा मांडून काकू समोरच्या घरातल्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. सकाळी देवपूजा, मग कांड्या, संध्याकाळी भजनी मंडळ. बोलणं थोडं. कोणी काही सल्ला विचारला, तर "पाहू" म्हणायच्या आणि खरोखरच दोन दिवस नुसतं पाहायच्या.

एकदा सुताची अख्खी लडी गुंतली. रविवार होता, मी खाली बसले होते. अर्धा तास ती बोटं चाललेली बघून मीच कंटाळले आणि खिळ्यावरची कात्री काढून पुढे केली. काकूंनी ती परत खिळ्याला अडकवली. "कात्री शेवटी," म्हणाल्या. "पहिले टोक पाहू." टोक सापडायला दुपार गेली. पण सापडलं.

त्यांची एक गोष्ट मात्र मला बघवत नसे. त्यांचं जेवण. सकाळी एकदा भात टाकायच्या, त्यावर वरण नाहीतर जवसाची चटणी, आणि ओट्यापाशी उभ्याउभ्याच चार घास. रात्री पुष्कळदा तेही नाही. "एकट्या जिवाले ताट कायले मांडायचं," असं त्यांचं उत्तर ठरलेलं. मी आग्रह करून बघितला, मग सोडून दिला.

काकूंची एकुलती एक मुलगी मंजू नागपूरला नर्स होती. तिला बंगळुरूला मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी ती पवनीला आली, ती हातात टोपली घेऊन. टोपलीत पांढरं, केसाळ, मांजराएवढं कुत्रं.

"आई, दोन महिने ठेव फक्त. होस्टेलवर कुत्रं चालत नाही. मी काहीतरी करते."

"घरात कुत्रं? देवघर आहे इथं."

"तो देवघरात नाही जात."

"त्याले कोणी सांगतलं नाही जायचं म्हणून?"

मंजू रडवेली झाली. काकूंनी टोपलीत डोकावून पाहिलं. कुत्रं मागच्या पायाने कान खाजवत होतं. थांबलं, त्यांच्याकडे बघितलं, पुन्हा खाजवायला लागलं. त्याचं नाव स्नोई. स्नोई म्हणजे बर्फासारखा, असं मंजूने समजावलं. काकू म्हणाल्या, "आमच्या इकडं कुठचा बर्फ? सोन्या म्हणतो मी."

मंजू एक कागद भिंतीला चिकटवून गेली. सकाळी उकडलेलं अंडं. दुपारी पिशवीतलं कोंबडीचं कोरडं खाणं. नाही खाल्लं तर दूध-पोळी. अंडं काकूंनी त्याच दिवशी खोडलं. पिशवीतलं खाणं मात्र नाकाला पदर लावून, चमच्याने वाटीत ओतू लागल्या. "मी शिजवलं तं नाही," म्हणाल्या. ही त्यांची पहिली तडजोड.

सोन्या खायचाच नाही. वाटीजवळ यायचा, वास घ्यायचा, पंजाने वाटी ढकलायचा आणि फळ्यांखालच्या गारव्यात जाऊन बसायचा. दूध-पोळी दिली तर दूध प्यायचा, पोळीचे तुकडे कडेला लावून ठेवायचा. वरण-भात दिला तर शितं जिभेने वेगळी करून जमिनीवर टाकायचा. "माणसाचे नखरे लई पाह्यले," काकू म्हणाल्या, "कुत्र्याचे पहिल्यांदा पाहून राहिलो." आणि दिवसभर खाजवणं. कानाच्या आतली कातडी लाल, पोटावर चट्टे, पुढचे पंजे चाटून चाटून तपकिरी झालेले. दोन-तीन आठवड्यांत पाठीचा कणा हाताला लागायला लागला.

एका दुपारी काकूंना बरं वाटत नव्हतं. उभं राहवेना, म्हणून ताट घेऊन त्या जमिनीवर बसल्या. सोन्या फळ्यांखालून बाहेर आला. त्यांच्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, मग आपल्या वाटीकडे गेला आणि अर्धी वाटी खाल्ली. दुसऱ्या दिवशी काकू उभ्याने जेवल्या, तर त्याने तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा बसल्या, पुन्हा खाल्लं. त्या संध्याकाळी मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "त्याले एकट्यानं जेवन जात नाही."

दुसऱ्या दिवसापासून रोज दोनदा खाली ताट वाजायला लागलं.

खाणं थोडं सुरू झालं, पण खाजवणं थांबेना. कानातून रक्त यायला लागलं तेव्हा शनिवारी मी रजा टाकली आणि आम्ही दोघी सोन्याला पिशवीत घालून एसटीने भंडाऱ्याला गेलो. डॉक्टर तरुण होता. त्याने बरंच तपासलं, कातडी खरवडून काचेखाली पाहिली.

"पिसवा नाहीत, बुरशी नाही," तो म्हणाला. "खाण्याची ॲलर्जी असू शकते. खात्रीने आज सांगता येणार नाही. ते शोधायला एकच रस्ता आहे. आतापर्यंत जे जे खाल्लं ते सगळं बंद. कोंबडी, अंडं, दूध, गहू, सगळं. त्याने जन्मात खाल्लेलं नाही असं एक काहीतरी आणि भात. आठ आठवडे. दुसरा कणसुद्धा नाही."

"वरण-भात?" काकूंनी विचारलं.

"याचं वजन बघा. डाळीवर हा निभणार नाही. मासा दिलाय कधी?"

मी तिथूनच मंजूला फोन लावून स्पीकरवर टाकला. मासा कधीच नाही, मंजू म्हणाली.

"मग मासा," डॉक्टर म्हणाला आणि कागदावर लिहायला लागला. सोबत द्यायची ताकदीची पावडरही त्यानेच निवडून दिली. काकू माझ्याकडे बघत होत्या. मी नजर खाली घातली. त्यांच्या घरातली अट मला त्यांच्यापेक्षा जास्त पाठ होती.

मंजूने फोनवर दुसरा मार्ग सुचवला. तिच्या मैत्रिणीच्या वडिलांचं शेत होतं, ते कुत्रं ठेवून घ्यायला तयार होते. "तू नको त्रास करून घेऊ, आई. देऊन टाकू." डॉक्टरने ते ऐकलं. तो हळूच म्हणाला, "शेतावर जे मिळेल ते खाईल. या तब्येतीत मला ते बरं नाही वाटत."

परतीच्या एसटीत काकू खिडकीशी बसल्या, मांडीवर पिशवी. धानाच्या बांध्या, आमच्या भाषेत भातखाचरं, मागे जात होत्या. वाटेतलं अड्याळ येईपर्यंत त्यांनी पिशवीवरचा हात काढला नाही. अड्याळला गाडी थांबली, माणसं उतरली, चढली. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मासोळी ताजी कशी ओळखतेत?"

मी म्हटलं, "काकू, ज्यांनी माळ घातली त्या महाराजांना तरी विचारा आधी."

"विचारलं तं नाही म्हणतीन. मंग त्याइचा शब्द मोडावा लागीन. त्यापेक्षा विचारतच नाही."

"मंजू म्हणते ते..."

"कात्री शेवटी," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घाटाकडे गेलो. नदीच्या रस्त्याला सखुबाई टोपलं आणि पाण्याचा टब घेऊन बसायची. गावात काकूंना सगळे ओळखत. सखुबाई दचकून उभीच राहिली. "काकू, रस्ता चुकल्या काय?"

"नाही. मासोळी पायजे. कुत्र्याले. आजारी आहे."

सखुबाई हसली नाही, हे मला अजून आठवतं. मी आपली पुढे होऊन एका माशाचे कल्ले उघडून बघायला लागले, तर ती म्हणाली, "बाई, समुद्राचं समुद्रात ठेवा. रोहूत बारीक काटे लई. लहान कुत्र्याच्या गळ्यात बसतीन. मरळ न्या. मरळीले काटा कमी." मरळ टबात जिवंत होती. सखुबाईने ती धरली आणि म्हणाली, "काकू, तिकडं पाहा जरासं."

"नाही," काकू म्हणाल्या. "खाऊ घालायचं तं पाहाव लागीन."

आणि त्यांनी पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता, पण मान वळवली नाही.

घरामागे सीताफळाच्या झाडाखाली मी तीन विटांची चूल मांडली. वेगळा गंज, म्हणजे तिकडचं पातेलं, वेगळा चमचा, वेगळी वाटी. पहिल्या दिवशी मीच शिजवलं, मीठ-हळद काही न घालता, नुसत्या पाण्यात. काकू चार हातांवर उभ्या राहून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी मी चुलीपाशी गेले तर त्या आधीच बसलेल्या. "सरका, मी करतो. तुमाले पोस्ट आहे."

"काकू, माळ..."

"माळ काढता येत नाही. काढली तं गेली."

"मग पदराखाली तरी घ्या."

"लपवून कोणापासून? देवाले पदरातून दिसत नाही काय?" त्यांनी गंजाखालचं जळण सारखं केलं. "माळ माही आहे. त्याची नाही. त्याचं त्याले खाऊ द्याव लागते."

शिजलेल्या माशाचे काटे काढायला त्या बसल्या, आणि मी, जन्मभर मासे खाणारी बाई, बघत राहिले. मी डोळ्यांनी काटे शोधते. त्या डोळे मिटून बोटांनी शोधत होत्या. आयुष्यभर सुतातली गाठ बोटाला लागायची सवय. केसाएवढा काटा त्यांना सापडायचा. दोनदा, तीनदा सगळं चाचपून मग भातात कालवायच्या.

एवढं करून सोन्याने वास घेतला आणि वाटी ढकलली.

मी हताश झाले. काकू उठल्या, आत जाऊन आपलं ताट वाढून आणलं आणि त्याच्या वाटीपासून हातभर अंतरावर मांडी घालून बसल्या. तो वास त्यांना सहन होत नव्हता, हे मला दिसत होतं. पहिला घास तोंडात फिरत राहिला. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तो गिळला. दुसरा घेतला. "खा बाप्पा," त्या म्हणाल्या, "मी खाऊन राहिलो ना." सोन्या त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग वाटीत तोंड घातलं आणि वाटी पुसून काढली.

त्यानंतर त्या हौदावर गेल्या, डोक्यावरून पाणी घेतलं आणि देवासमोर जाऊन बसल्या. तिथे काय बोलल्या, ते मला माहीत नाही.

दोन आठवड्यांत कानाची लाली उतरली. सोन्या अंगणात धावायला लागला. मग तिसऱ्या आठवड्यात खाजवणं पुन्हा सुरू झालं. मी डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, "घरात कोणीतरी काहीतरी देतंय. शोधा."

काकूंनी पहिला संशय माझ्यावर घेतला. माझ्या खोलीत बिस्किटं होती. मी शपथ घेतली. मग गल्लीतल्या पोरांना विचारलं, समोरच्या घरी विचारलं. कोणी काही देत नव्हतं. काकूंनी सगळ्यांना ताकीद दिली, दार बंद ठेवलं, तरी खाजवणं तसंच.

गुरुवारी मला सुट्टी होती. सकाळी खाली आले तर काकूंची पूजा नुकतीच झाली होती. त्यांनी मला पळीभर तीर्थ दिलं. दूध, दही, मध घातलेलं पंचामृत. मग वाकल्या आणि तळहातावर पळीभर घेऊन सोन्यासमोर धरलं. सोन्याने सवयीने चाटून घेतलं.

"काकू, हे रोज देता?"

"हो. पूजा झाली का. बरा झाला तसा पूजेच्या टाइमाले येऊन बसते."

"यात दूध आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "थे तं तीर्थ आहे," म्हणाल्या. "थे खाणं थोडंच आहे?"

त्यांचं त्यांनाच उमगलं. खाली बसल्या, सोन्याचा कान उलटून बघितला आणि म्हणाल्या, "साऱ्या गल्लीत चोर पाहून राहिलो होतो मी."

मासा शिजवताना त्या डगमगल्या नव्हत्या. पण त्या दिवशी त्या खरंच खचल्या. जेवल्या नाहीत, म्हणून सोन्याही जेवला नाही. "मासोळी दिली तं वाटलं पाप करून राहिलो, पण लेकरू बरं होते. अन् तीर्थ दिलं तं लेकरू आजारी. आता समजाव काय याच्यातून?" मी त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि माझंही वाढून घेतलं. तिघं मिळून जेवलो.

दुसऱ्या दिवसापासून देवाच्या अभिषेकाचं पहिलं साधं पाणी त्या एका वाटीत वेगळं काढू लागल्या. दूध त्यानंतर. सोन्याला ते नुसतं पाणी मिळायचं. डॉक्टरने सांगितल्यावरून आठ आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजले. काकूंनी कॅलेंडर वापरलं नाही. चरखा होता तिथल्या भिंतीवर खडूने रोज एक रेघ ओढली. तशा छप्पन्न रेघा.

याच काळात भजनी मंडळाच्या कुसुमबाई आल्या. वयाने काकूंएवढ्याच, मंडळातल्या मुख्य. दारातच त्यांनी नाक वर केलं.

"तारा, तुह्या घरी मासोळी शिजते म्हणतेत."

"शिजते. मागच्या अंगणात. कुत्र्यासाठी."

"माळ घालून?"

"माळ घालूनच."

कुसुमबाई पदर सावरत म्हणाल्या, "मले काही नाही वं. पण बाया बोलतेत. आवंदा सप्त्याचा परसाद तुह्या हातचा नको म्हणतेत." गेली कित्येक वर्षं सप्ताहाचा शिरा आणि बुंदी काकूंच्या हाताखाली व्हायची.

काकू आत गेल्या, मोठा झारा आणि कढई घेऊन आल्या. मंडळाचीच भांडी होती ती. "घेऊन जा. साखर टाकाची वेळ नका चुकवू, नाहीतं शिरा बसते."

"रागावली काय तू?"

"नाही. तुमचंबी बरोबर आहे. भजनाले येऊ का नको?"

"यायले कोण नाही म्हणलं?"

त्या जात राहिल्या. पहिले काही दिवस मागे, खांबापाशी बसायच्या. मी एकदा त्यांच्यासोबत गेले होते. कुणी शेजारी येऊन बसलं नाही. काकूंचा आवाज मात्र नेहमीसारखा लागला, मोकळा आणि खणखणीत. कार्तिकात काकड्याला गेले तेव्हा कुसुमबाईंनी आपल्या शेजारची सतरंजी हाताने झाडली आणि नुसती मान हलवली. काकू उठून पुढे गेल्या. यापेक्षा जास्त काही झालं नाही, आणि कुणी त्याबद्दल बोललंही नाही. प्रसाद पुन्हा त्यांच्याकडे आला की नाही, ते मला सांगता येणार नाही. मी असेपर्यंत तरी आला नव्हता.

छप्पन्न रेघा पूर्ण झाल्या तेव्हा सोन्याचे कान गुलाबी झाले होते आणि पोटावर नवे, मऊ केस आले होते. डॉक्टर म्हणाला, आता जुना एकेक पदार्थ देऊन बघा, एका वेळी एकच. गव्हाची पोळी दिली. दोन आठवडे वाट पाहिली. काही झालं नाही. मग चमचाभर दूध दिलं. तिसऱ्या दिवशी कान लाल. काकूंनी भिंतीवर खडूने दुधाचा लोटा काढून त्यावर फुली मारली. कोंबडी देऊन बघायची का, असं डॉक्टरने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "दगडाखाली इंचू असन तं असन. थो दगड कायले उलटवू? मासोळी खाते, पोळी खाते, भात खाते. चाललं आहे." डॉक्टर हसला आणि तसं चालेल म्हणाला.

दोन महिन्यांच्या मुदतीचा विषय मंजूने कधी काढला नाही, काकूंनीही नाही. मंजूचा फोन रोज यायचा. आधी नागपूरहून तो आठवड्याला यायचा. मोबाइल स्पीकरवर टाकून, चरख्याशेजारी ठेवून काकू बोलायच्या, म्हणून मला जिन्यात सगळं ऐकू यायचं. "आज काय खाल्लं त्यानं? किती खाल्लं? खाजवतो का?" काकू सगळं सविस्तर सांगायच्या. असं कितीतरी महिने चाललं. मग एका संध्याकाळी पलीकडून मंजूने विचारलं, "आणि तू काय खाल्लंस, आई?"

चरखा थांबला.

"मी?" काकू म्हणाल्या. "वांग्याची भाजी केली होती. पोळी. भात. बसून जेवलो."

"बसून?"

"हो. सोन्यासंगं."

त्यानंतर बराच वेळ दोघी त्या वांग्याच्या भाजीबद्दल बोलत होत्या. मंजूला ती करायची होती, आणि तिला येत नव्हती.

माझी बदली रत्नागिरीला झाली तो दिवस नेमका सोन्याच्या वर्षाच्या इंजेक्शनचा होता. म्हणून काकू माझ्यासोबतच भंडाऱ्यापर्यंत आल्या. माझी रेल्वेगाडी दुपारची होती, ऑटो बाहेर थांबवला होता, हातात तासभर होता. मी सामान दवाखान्याच्या दाराशी ठेवलं आणि त्यांच्याशेजारी बाकावर बसले. काकूंनी माझ्या पिशवीत पोह्याचा चिवडा कोंबला. "पोचलं का फोन करा," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात एक मुलगी आत आली. पंचविशीची असेल. ओढणीत छोटं तपकिरी कुत्रं गुंडाळलेलं, आणि ते मान वाकडी करून पोट खाजवत होतं. मुलीचे डोळे सुजलेले होते. बाक भरला होता. काकूंनी सोन्याची पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून जागा केली.

"बस. किती दिवसाचं खाजवणं आहे हे?"

"एक महिना झाला, काकू. खातच नाही. घरचे म्हणतात सोडून दे कुठेतरी."

"म्हणतीन. म्हणू दे." काकूंनी ओढणी जराशी बाजूला केली, कुत्र्याचा कान दोन बोटांनी उलटला आणि उजेडाकडे धरला. "काय काय खाते, सांग. सारं सांग. जे खाणं वाटत नाही, थेबी सांग."

मुलगी आठवून आठवून सांगायला लागली. बाहेर माझ्या ऑटोवाल्याने हॉर्न दिला. मी उठले, काकूंच्या खांद्याला हात लावला. त्यांनी माझा हात धरून ठेवला, पण कान मुलीच्या बोलण्याकडे होते. मी हळूच हात सोडवून घेतला. दारात सामान उचलताना आतून कंपाउंडरने सोन्याचा नंबर पुकारला. काकूंनी मान न वळवता हात हलवला आणि म्हणाल्या, "पुढचा घ्या."